शून्य मिनिटं

ठिपक्यावर माउसचा बाण नेला की त्या माणसाची माहिती उघडते का, एवढंच मी तपासत होते. पडद्यावर दोन हजार एकशे चाळीस ठिपके होते. कुठल्याही एकावर नेला असता तरी भागलं असतं. सकाळचे साडेअकरा झाले होते, चारला दाखवायचं होतं, आणि मी डाव्या कोपऱ्यातल्या लाल गर्दीत सहज बाण सोडला. पांढरी चौकट उघडली. कर्मचारी क्रमांक ४४१७. विभाग: निर्जंतुकीकरण. पूर्ण केलेले धडे: शून्य. शिकण्यात घालवलेला वेळ: शून्य मिनिटं. चौकट अगदी हवी तशी उघडली होती, अक्षरं कुठे कापली जात नव्हती, कडेची सावलीसुद्धा नीट पडली होती. ४४१७ म्हणजे माझी ताई.

नाव कुठेच नव्हतं. नावं दाखवायची नाहीत असं पहिल्याच बैठकीत ठरलं होतं, उगाच कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. पण गेली बावीस वर्षं तिचे रजेचे अर्ज, बदलीचे अर्ज, एकदा ओळखपत्र हरवलं त्याचा अर्ज, सगळं मीच भरत आले होते, कारण ‘तुझं अक्षर चांगलं’ असं ती म्हणायची. तो आकडा मला माझ्या फोन नंबराइतकाच पाठ होता. मी बाण बाजूला घेतला, चौकट मिटली. पुन्हा नेला, पुन्हा उघडली. असं चार-पाच वेळा केलं. एखाद्या वेळी दुसराच आकडा निघेल अशी वेडी आशा असावी. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, ‘अडकतंय का गं?’ मी म्हटलं, ‘नाही, छान चाललंय.’

छान चाललं होतंच. तीन आठवडे मी त्या डॅशबोर्डवर जीव टाकला होता. एका मोठ्या रुग्णालयानं आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना बारा धड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा केला होता, संसर्ग कसा टाळायचा याचा. धडे आमच्या कंपनीनं बनवले, आणि कोण किती शिकलं ते एका नजरेत दिसेल असा पडदा बनवायचं काम माझ्याकडे आलं. हिरवा ठिपका म्हणजे अभ्यासक्रम पुरा झाला. पिवळा म्हणजे चालू आहे. लाल म्हणजे माणसानं हातच लावलेला नाही. मुदत आज संपत होती. चारच्या बैठकीनंतर लाल क्रमांकांची यादी रुग्णालयाच्या कचेरीत जाणार होती, आणि त्या यादीतली माणसं आपापल्या विभागातून उचलून कंत्राटदाराच्या हाताखाली फरशा पुसायला पाठवायची, असा तिथल्या व्यवस्थापनाचा निर्णय झाला होता. पहिल्या बैठकीत हे ऐकलं तेव्हा मी मान डोलावली होती. मग विचारलं होतं, लाल कुठला हवा, गडद की जरासा केशरीकडे झुकणारा? माझ्या या प्रश्नाचं तेव्हा कौतुक झालं होतं, बाई किती बारकाईनं बघतात म्हणून.

ताई त्याच रुग्णालयाच्या तळघरात काम करते, आणि हे काम माझ्याकडे आहे हे मी तिला कौतुकानं सांगितलंही होतं. शस्त्रक्रियेची हत्यारं रक्तानं माखलेली खाली येतात. ती धुवायची, मोजायची, सांधा न् सांधा उघडून बघायची, ट्रेमध्ये ठरल्या क्रमानं मांडायची, कापडात गुंडाळायची आणि वाफेच्या यंत्रात सारायची. गुंडाळलेल्या कापडावर एक चिकटपट्टी असते, तिच्यावरच्या फिक्या रेघा पुरेशी वाफ लागली की काळ्या होतात. एकदा एकच रेघ जराशी करडी राहिली म्हणून तिनं वर तयार बसलेल्या सर्जनला वीस मिनिटं थांबवलं होतं. तो खाली येऊन तिच्यावर ओरडला, आणि ओरडून झाल्यावर ती म्हणाली, ‘आता चौदा मिनिटं राहिली.’ हा किस्सा आमच्या घरात पुष्कळदा सांगून झालाय. डोळे मिटून नुसता हात लावला तरी कुठल्या चिमट्याचा सांधा सैल झालाय ते तिला कळतं. त्या हातात फडकं येणार होतं, आणि ते माझ्या यादीवरून येणार होतं. मला आधी भीती वाटायला हवी होती. पण आधी आला तो राग. तो तिचाच आला. बारा धडे. वीस-वीस मिनिटांचे बारा धडे, एक महिना, आणि बाईसाहेबांनी एकदासुद्धा बसून बघू नये?

हा राग नवा नव्हता, हे मला आज कळतंय. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई चौदाची. वडील पाळीवर जायचे, कधी सकाळची, कधी रात्रीची. त्या वर्षी सुट्टी संपली, मी शाळेत गेले आणि ती गेली नाही. तसं कुणी ठरवलं, कुठे बसून ठरलं, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दारात उभी राहून ती माझी वेणी घालत होती आणि तिच्या अंगावर घरातलेच कपडे होते. मी विचारलं असेल किंवा नसेलही. पुढे कधीतरी एक वाक्य आमच्या घरात राहायला आलं: तिला अभ्यासाची आवडच नव्हती. वडील पाहुण्यांना सांगायचे. आत्या सांगायची, ‘थोरलीचं लक्षच नव्हतं पुस्तकात, धाकटी मात्र हुशार हो.’ ताई हसायची. ती हसायची म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले. लग्नानंतर नवऱ्यालाही मी तेच सांगितलं, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. फार सोयीचं वाक्य होतं ते. त्या वाक्याच्या जिवावर मी पदवी घेतली, नोकरी धरली, आणि तिच्यासमोर ताठ मानेनं बसत आले.

एक वाजता तिची जेवणाची सुट्टी होते. तळघरात फोनला रेंज नसते. त्या बायका डबे घेऊन मागच्या जिन्यावर येऊन बसतात. मी आमच्या कचेरीच्या जिन्यात गेले. म्हणजे दोघी बहिणी आपापल्या जिन्यात.

‘काय गं, आत्ता कसा फोन? बरी आहेस ना?’

‘ताई, तो ऑनलाइन कोर्स झाला का तुझा?’

‘चाललाय की.’

‘किती धडे झाले?’

‘करते गं मी. तू जेवलीस का?’

‘माझ्या जेवणाचं राहू दे. माझ्यासमोर सगळं दिसतंय, ताई. शून्य मिनिटं. एक धडा बघितलेला नाहीस तू. आज शेवटचा दिवस आहे, काय होणार आहे माहितीय ना?’

‘उघडते की रोज.’

‘खोटं नको ना बोलूस! निदान माझ्याशी नको. मी बनवलाय तो पडदा. रोज उघडलं असतंस तर दिसलं नसतं का मला?’ माझा आवाज चढत होता आणि तो जिन्यात घुमत होता हेही मला ऐकू येत होतं. ‘तुला तेव्हाही अभ्यासाची आवड नव्हती आणि आत्ताही नाही. सगळं आयतं कुणीतरी निस्तरेल असं वाटतं तुला.’

पलीकडे कुणीतरी हसत होतं, डब्याचं झाकण वाजलं. मग ती म्हणाली, ‘बरं. ट्रे बाहेर काढायचेत. ठेवते.’ सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती हे दोघींनाही ठाऊक होतं.

मी जागेवर येऊन बसले. डबा उघडला, बंद केला. ‘आयतं’ हा शब्द तोंडातून कसा गेला असेल याचा विचार करत राहिले. ज्या बाईनं चौदाव्या वर्षापासून दुसऱ्यांची ताटं वाढली तिला मी आयतं म्हणाले. पण तोही विचार मला पुरता करता येईना, कारण त्याच्याखालून पुन्हा रागच वर येत होता: मग बघायचे ना बारा धडे! असं एकदा इकडे, एकदा तिकडे. समोर पडद्यावर मात्र सगळं कसं स्वच्छ, रेखीव. लाल तीनशे बारा, पिवळे सहाशे चार, हिरवे बाराशे चोवीस. बेरीज बरोबर.

शेजारच्या टेबलावरच्या बाईचं काम म्हणजे आमच्या सगळ्यांच्या कामात खोट काढणं. तिला आम्ही शंकासुर म्हणतो आणि तिला ते आवडतं. दोनच्या सुमारास तिनं खुर्ची सरकवत माझ्याकडे आणली. तिच्या हातात एक कागद होता.

‘मला एक सांग. हा तुझा एक लाल माणूस. शून्य धडे, शून्य मिनिटं. बरोबर? आणि याला शेवटच्या परीक्षेत शंभरापैकी चौऱ्याऐंशी. काय, पेपर फुटला होता का त्याला?’

‘चुकून आला असेल एखादा.’

‘एखादा असता तर मी जेवण सोडून आले असते का? असे पुष्कळ आहेत बाई.’

मी कागद घेतला. रुग्णालयातल्या कितीतरी खोल्यांना रेंज नाही. तिथली माणसं धडा वर येऊन फोनमध्ये उतरवून घेतात आणि खाली जाऊन बघतात. बघताना फोन आमच्या यंत्राशी जोडलेला नसतो, त्यामुळे त्यांचे धडे आणि मिनिटं आमच्याकडे पोचतच नाहीत. पोचतात फक्त परीक्षेचे गुण, कारण ती परीक्षा वर येऊनच द्यावी लागते. म्हणजे अशा माणसांच्या नावापुढे धड्यांचा आणि मिनिटांचा रकाना रिकामा येतो. आपल्याला माहीत नाही, एवढाच त्या रिकामेपणाचा अर्थ. आणि दोन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी मी एक ओळ लिहिली होती: जिथे जिथे रिकामं असेल तिथे तिथे शून्य घाल. रिकाम्या जागांमुळे आलेख मध्येच तुटत होता, दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता. मला रिकामी जागा बघवत नाही. लहानपणी परीक्षेत येत नसलेल्या प्रश्नालासुद्धा मी काहीतरी लिहून यायचे. ती ओळ लिहायला दहा सेकंद लागली असतील, आणि आलेख सुरेख जोडला गेल्यावर मी चहा प्यायला गेले होते.

जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं माझं, खोटं कशाला बोलू. तीनशे माणसांवर मी खोटा आळ घेतला होता, आणि पहिली गोष्ट मला वाटली ती म्हणजे आनंद. ताई तळघरात काम करते. तळघरात रेंज नाही. ‘उघडते की रोज,’ असं ती म्हणाली होती. खरंच बोलत होती ती! मी लगेच फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला. तीनदा लावला. माफी तोंडाशी येऊन थांबली होती आणि पलीकडून ती ठरावीक बाई सांगत होती की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती उपलब्ध नाही. मी ४४१७ चे परीक्षेचे गुण उघडून बघितले नाहीत. एका टिचकीचं काम होतं. बघायची गरजच काय, असं मी स्वतःला सांगितलं. गरज नव्हती तर मग बोट तिथवर जाऊन परत का आलं, हे विचारायला शंकासुर तेवढी माझ्या आत बसलेली नव्हती.

आमच्या प्रमुखाला आम्ही ‘घाई-नाही’ म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘घाई नाही, पण आजच हवं’ असं असतं. तीन वाजता मी त्याच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तो ऐकत असताना टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत आणि लावत होता.

‘दुरुस्त करायला किती वेळ?’

‘केलंय. परीक्षा दिली असेल तर धडे झाले असं धरलंय. पुन्हा मोजणी चालू आहे, तासभर लागेल.’

‘मग असं करू. चारला आहे ते दाखवून टाकू. रंग बघितले की खूश होतील. पुढच्या आठवड्यात आपण गुपचूप नवीन आकडे चढवू. घाई नाही.’

‘यादी आजच जाणार आहे. माणसं उद्या सकाळी फरशीवर असतील.’

‘यादी ते पाठवतात. माणसांचं काय करायचं ते ठरवतात. आपण फक्त चित्र काढतो.’

हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत नव्हते. नेमकं हेच मी सकाळपर्यंत मनात म्हणत होते. त्याच्या टोपणाचा टक-टक आवाज माझ्या कानशिलात वाजत होता. मी म्हटलं, ‘मी बैठकीत सांगणार आहे.’ तो म्हणाला, ‘विचार कर. चूक कुणाची, हे विचारतील.’ मी म्हटलं, ‘विचारू देत.’ ही काही माझी शूरता नव्हती. त्या तीनशे बारांत ताई नसती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते इथे लिहायला मला लाज वाटते.

चारला रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागाच्या मॅडम आल्या. बारीक बांधा, हातात लहानशी वही, बसल्याबसल्या त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. त्यांच्याबरोबर कचेरीतले दोघे होते, त्यातल्या एकाकडे यादी घ्यायला रिकामी फाईलच होती. मी पडदा लावला. ठिपके दिसताच फाईलवाला ‘वा’ म्हणाला. घाई-नाहीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘यातले बरेचसे लाल ठिपके खोटे आहेत.’ मग मी बोलत सुटले. रेंज नसलेल्या खोल्या, उतरवून घेतलेले धडे, रिकामा रकाना, शून्य. 

मॅडमनी वहीतून डोकं वर केलं. ‘म्हणजे आज दुपारपर्यंत तुम्ही आम्हाला हीच यादी देणार होतात?’

‘हो.’

‘ही चूक कुणाची?’

‘माझी.’

मोजणी संपल्याची खूण खाली कोपऱ्यात आली. मी बटण दाबलं. ठिपके क्षणभर गेले, आणि पुन्हा उमटू लागले तेव्हा डाव्या कोपऱ्यातली गर्दी विरळ होत गेली. लाल होते ते हिरवे होत उजवीकडे सरकले, पाच-पाच, दहा-दहा. तीनशे बाराचे सत्तेचाळीस उरले. फाईलवाल्यानं फाईल मांडीवर घेतली. मॅडम खुर्चीतून उठून पडद्याजवळ आल्या, हिरव्या झालेल्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ही माझी माणसं होती हो.’ मला वाईट वाटायला हवं होतं, वाटतही होतं, पण माझी नजर कोपऱ्यात होती. उरलेल्या सत्तेचाळीस ठिपक्यांवरून मी एकेक करत बाण नेत होते. त्यांना वाटलं असेल, ही अजून तपासतेय. अठरावा की एकोणिसावा ठिपका होता तो. पांढरी चौकट उघडली. ४४१७. परीक्षा: दिलेली नाही. ताई लालच होती.

पुढचं बोलणं मी अर्धवट ऐकलं. मॅडमनी सत्तेचाळीस जणांना एक आठवड्याची मुदत दिली. एकच आठवडा, त्यानंतर नावं जातील म्हणाल्या. जाताना त्यांनी माझे आभार मानले नाहीत आणि मला रागावल्याही नाहीत. घाई-नाही म्हणाला, ‘उद्या सकाळी माझ्याकडे ये.’ त्यात ‘घाई नाही’ हे शब्द नव्हते. मी जागेवर येऊन बसले. शंकासुरनं माझ्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवली आणि काही न विचारता निघून गेली, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

मग मी ४४१७ च्या मूळ नोंदी उघडल्या. आलेखात जायच्या आधीच्या, कच्च्या. तिथे एकाखाली एक ओळी होत्या. एक वाजून आठ मिनिटांनी उघडलं, चाळीस सेकंदांनी बंद केलं. दुसऱ्या दिवशी एक वाजून बारा मिनिटांनी उघडलं, पन्नास सेकंदांनी बंद. कधी दुपारी, कधी सहानंतर, एका रविवारी चारदा. मी मोजल्या. एक्केचाळीस ओळी. एक्केचाळीस वेळा तिनं ते उघडलं होतं आणि मिनिटभराच्या आत बंद केलं होतं. पडद्यावर यातलं काहीच येत नव्हतं, कारण मिनिटाच्या आतलं उघडणं म्हणजे चुकून लागलेलं बोट, ते मोजायचं नाही, असाही नियम मीच केला होता. प्रत्येक वेळी ती एकाच पानावर थांबली होती: पहिलं पान, माहिती भरण्याचं. धडे सुरू होण्याच्या आधीचं. शेवटची ओळ आजची होती. दुपारी एक वाजून सत्तावीस मिनिटं, म्हणजे मी फोनवर बोलले त्यानंतर. मी पिशवी उचलली आणि निघाले.

वाटेत मी ठरवत होते की पान उघडतच नसेल, तिचा फोन जुना आहे, बटण दिसत नसेल. यंत्राचा दोष निघावा असं मला फार वाटत होतं. रुग्णालयाच्या मागच्या बाजूनं तळघरात उतरणारा उतार आहे, ढकलगाड्यांच्या चाकांनी घासून गुळगुळीत झालेला. खाली दमट गरम हवा, वाफेच्या यंत्राचा फुसकारा, आणि काचेपलीकडे टोप्या घातलेल्या चार बायका. ताई कुठली ते मला पाठीवरून कळलं. ती एक कात्री दिव्याकडे धरून उघडझाप करत होती. मला बघून तिनं ती कात्री आधी ट्रेमध्ये तिच्या जागी ठेवली, मग बाहेर आली. टोपी काढताना केस कपाळाला चिकटले होते.

‘काय झालं? तू इथे कशी?’

‘ताई, एक्केचाळीस वेळा उघडलंस तू.’

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मला जिन्याकडे ओढलं. ‘हळू बोल.’

‘मी दुपारी बोलले ते... मला दिसत नव्हतं गं. खरंच दिसत नव्हतं. काय होतं तिथे? पान अडकतं का? मला विचारायचं नाहीस?’

‘तुला काय विचारायचं? तूच केलंयस ना ते.’ ती पायरीवर बसली. खिशातून फोन काढून तिनं पान उघडलं, डोळ्यांपासून जरा लांब धरलं, आणि माझ्या हातात दिलं. कर्मचारी क्रमांक, तिनं भरलेला. विभाग, भरलेला. तिसरा प्रश्न: शिक्षण. त्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी बोट लावलं. यादी उघडली. दहावी उत्तीर्ण. बारावी उत्तीर्ण. पदविका. पदवी. पदव्युत्तर. यादी संपली.

‘यात मी कुठे बसते ते सांग,’ ताई म्हणाली.

ते पहिलं पान माझ्याकडेच होतं आणि ती यादी मी केली होती. केव्हा, तेही आठवत नाही. चहा आणि फोन यांच्या मधल्या पाच मिनिटांत केली असेल. कुणाला विचारलं नव्हतं. निदान दहावी तर सगळे असतातच, असं माझ्या डोक्यात होतं. माझ्या! जिची वेणी घालून देणारी बाई नववीनंतर शाळेत गेली नाही, तिच्या डोक्यात.

‘दहावी दाबून पुढे जायचंस ना,’ मी म्हटलं.

‘दाबणार होते. रोज म्हणायचे, आज दाबते. कागद मागितला तर कुठून आणू? इथे लागले तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं, आणि मी बोलले नाही. आता लिहून दिलं की ते खोटं झालं. आणि तुझ्या कामात माझं खोटं कशाला? उद्या तुला कुणी म्हटलं असतं, तुझ्याच बहिणीनं असं लिहिलंय.’ ती थोडं हसली, तेच आत्यासमोरचं हसू. ‘धडे मी बघितलेत. बरोबरच्या बाईच्या फोनवर, सगळे. सातव्या धड्यात वाफेचं तापमान चुकवलंय तुम्ही.’

मी रडत होते, आणि तळघरातल्या एका बाईनं दारातून डोकावून पुन्हा आत घेतलं. मी नाक पुसलं आणि मला येत होतं ते बोलू लागले. म्हटलं, एक आठवडा आहे. उद्या सकाळी पहिलं काम तेच करते. ती चांदणी काढून टाकते, मग तो प्रश्न सक्तीचा राहणार नाही. तू रिकामा सोड. कुणाला कळणार नाही, पडद्यावर काही दिसणार नाही, सरळ धड्यांवर जाशील. मी घाईघाईनं बोलत होते आणि बोलता बोलता मला बरं वाटायला लागलं होतं.

ताईनं माझ्या हातातून फोन घेतला. पदराला पुसावा तसा तिनं तो कामाच्या झग्याला पुसला.

‘रिकामा का सोडू?’ ती म्हणाली. ‘दुपारी तू म्हणालीस, आवड नव्हती. ते आजवर सगळ्यांनी म्हटलं, मी म्हणू दिलं. त्यातून घर चाललं, तुझी शाळा चालली. पण तू म्हणालीस ना, तेव्हा कळलं की तुला ते खरंच वाटतंय.’ ती उठून उभी राहिली, टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, केस आत सारले. ‘नववीत वर्गात दुसरी आले होते मी. बक्षीस घ्यायला आई आली होती, पुढच्या महिन्यात गेली. रिकामं नको ठेवूस. नववी लिहायला जागा कर, मी लिहीन. दिसू दे सगळ्यांना.’

आतून कुणीतरी तिला हाक मारली, यंत्र उघडायची वेळ झाली होती. ती वळून आत गेली आणि मी पायरीवर बसून राहिले. सदतीस... नाही, अडतीस वर्षांची मी, मला त्या दिवशी कळलं की माझी बहीण शाळेत हुशार होती.